घाडीमास्तरांचा तोंडधुणीचा सवाल

लालबागच्या त्या शाळेत शिकलेला माणूस ओळखायचा झाला तर फार खटपट नको. त्याच्यापुढे चहाची कपबशी ठेवावी. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा आधी का निवतो, हे त्यानं न विचारता सांगायला घेतलं की समजावं, हा घाडीमास्तरांच्या हाताखालून गेलेला. माणूस आता आजा झालेला असतो, गुडघे धरलेले असतात, सुना त्याच्या बोलण्याकडे कानाडोळा करतात. पण सवाल काही सुटलेला नसतो.

शाळा तरी कसली! एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. खाली मसाला कांडायचं दुकान. मुसळांचा दणदणाट जिन्यातून वर यायचा आणि त्याच्या मागोमाग मिरचीचा खकाणा. अख्खी पाचवी एकदम शिंकायची. पाढे म्हणता म्हणता मध्येच शिंकांची लाट यायची, आणि कुठवर आलो होतो ते कुणालाच आठवायचं नाही, मग पुन्हा पहिल्यापासून.

पोरं सगळी गिरणीवाल्यांची. देवगड, मालवण, कणकवली, वेंगुर्ला इकडची. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, झोपायचं ते पाळीपाळीनं. बाप रातपाळीहून आला की पोराच्या अंगाखालची वाकळ ओढून घ्यायचा आणि त्याच उबेत आडवा व्हायचा. पोर डोळे चोळत नळावर, तिथून गिरणीच्या फाटकावर कुणाचा तरी डबा पोचवून मग शाळेत. सकाळचा पहिला तास शास्त्राचा. बाकांवर पोरं बसायची ती पोती टेकून ठेवावीत तशी. तोंडं उघडी, डोळे मिटलेले.

धोंडू रामा घाडी, म्हणजे घाडीमास्तर, वर्गात शिरले की उभे राहा, खाली बसा, असलं काही नसायचं. धोतर, काळी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. आले की वर्गाकडे पाठ करून फळ्यावर एकच ओळ लिहायचे. मग वळून, टेबलाच्या कडेला टेकून, गप्प. ती ओळ म्हणजे तोंडधुणीचा सवाल.

"नळार थोबाडां धुतलात, ता बरा केलात," ते म्हणायचे. "आता डोस्क्याचा तोंड धुवा."

मास्तर इतर मास्तरांसारखं पुस्तकी बोलायचे नाहीत. त्यांना ते येत नव्हतं असं नाही. ट्रेनिंग झालेला माणूस. पण पोरं घरात मालवणी बोलतात, भांडतात मालवणीत, रडतात मालवणीत, मग शास्त्र तेवढं परक्या तोंडानं का शिकायचं, असा त्यांचा हिशेब. फळ्यावर मात्र शुद्ध मराठी, आणि अक्षर असं की गिरवावं.

सवाल कसले? 'भोंगा आधी ऐकू येतो की दिसतो?' वर्ग हसला होता त्या दिवशी. भोंगा काय दिसतो? दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग चाळीच्या गच्चीवर. लांबच्या गिरणीच्या नळीतून वाफेचा पांढरा झुबका उठलेला दिसला, पोरांनी श्वास धरला, आणि मग आवाज आला. त्या भोंग्यावर लालबागनं आपली उठबस बांधलेली, पण तो आधी दिसतो हे कुणी बघितलं नव्हतं. आणखी एक दिवस: 'मसाला कांडणारणीला शिंक येत नाही, मग तुलाच का येते?' त्या दिवशी दुकानातल्या बायांनी पोरांना मुसळ दाखवून पिटाळलं, इतक्या जवळून पोरं त्यांच्या नाकांकडे बघत उभी होती.

नियम साधा होता. पुस्तकात तसं आहे, असं म्हणायचं नाही. आमचे आबा म्हणतात, असंही म्हणायचं नाही. आपल्या डोळ्यांनी बघून यायचं आणि बघितलं तेवढंच बोलायचं.

हेडमास्तर शरदचंद्र विजयकर गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले. बंद गळ्याचा कोट, हातात छत्री, बोलणं साखरेत घोळलेलं. ते सुरुवातीला एकदा म्हणाले, "घाडी, हे अभ्यासक्रमात नेमकं कुठं बसतं?"

"बसत नाय, सर. उठवता."

विजयकर छत्री टेकत निघून गेले. पण ट्रामच्या तारेवर बसलेला कावळा मरत का नाही, असा सवाल झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी ते वर्गाच्या दाराशी येऊन घुटमळले. "घाडी, त्या कावळ्याचं काय ठरलं? घरी जेवताना मुलांनी मलाच विचारलं, पंचाईत झाली."

आता हा माणूस सवालाच्या नादी कसा लागला, ते सांगायला त्याच्या गावात जावं लागतं.

कोकणात घाडी म्हणजे गावच्या देवाचा बोलका माणूस. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा, हा त्याचा मान. कौल म्हणजे असा: देवाच्या पाषाणावर ओल्या हातानं दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालून विचारायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, वाटणी, विहीर, कज्जा, सगळं त्या पाकळीवर. धोंडूचा बाप रामा घाडी हे काम करायचा आणि धोंडू तांब्या धरून बाजूला उभा असायचा. तांब्या धरणाऱ्याला दुसरं काम नसतं, म्हणून तो बघायचा. आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की सकाळचा कौल बहुतेक उजवाच पडतो. देवळाच्या भिंतीत झरोका होता, सकाळचं ऊन त्यातून देवाच्या उजव्या खांद्यावर यायचं. तिन्हीसांजेला ऊन दुसऱ्या बाजूनं, उघड्या दारातून यायचं, आणि पडायची ती डावी.

एके दिवशी भरल्या देवळात त्यानं विचारलं, "आबा, उन्हातलीच पाकळी आधी कित्याक पडता?"

बापानं तिथल्या तिथं कानाखाली काढली. तांब्या गडगडत पायऱ्यांवरून खाली गेला. "ह्यो सवाल परत तोंडातसून काढू नको," बाप म्हणाला. एवढंच म्हणाला. खोटं आहे, असं म्हणाला नाही.

ते धोंडूच्या डोक्यात राहिलं. पुढं तो चुलत्याबरोबर आगबोटीनं मुंबईला आला, गावकरी मंडळींच्या खोलीत वळकटी टाकली, दिवसा गिरणीत बदलीवर, संध्याकाळी नाइट स्कूल, असं करत मास्तर झाला. बाप गेला तेव्हा कौलाचा मान रीतीनं त्याच्याकडे यायचा. त्यानं भावकीतल्या दुसऱ्याला देऊन टाकला. मुंबईच्या खोलीतही कोनाड्यात गावच्या देवाचा म्हणून एक काळा पाषाण आणून बसवलेला होता, तिथली मंडळी म्हणायची, "मास्तरानू, तुमी घाड्याचे, लावा एकदा कौल." मास्तर हात जोडायचे. "माका येत नाय."

असे सवालामागून सवाल त्यांनी लिहिले. पाकळीचा सवाल तेवढा कधी फळ्यावर आला नाही.

सातवीत तेव्हा शांता नावाची मुलगी होती. बाप रघु गिरणीत मागावर, लूमखात्यात. आई नव्हती, आजी राधाबाईनं वाढवलेली. राधाबाई म्हणजे चाळीतलं मोठं प्रस्थ. तिनं नळावर हंडा लावला की रांग आपोआप मागे सरायची. नातीचं तोंडही आजीच्याच साच्यातलं. राधाबाईनं गावाकडे शांतेची सोयरीक धरून ठेवली होती, बैलजोडीवाला, घरचा भात. सातवीची परीक्षा झाली की बघू, असं रघु तिला कसंबसं थोपवून होता. आणि शांतेला पुढं शिकून परळच्या इस्पितळात नर्स व्हायचं होतं, पांढरी टोपी घालून. हे तिनं बापाला सांगितलं नव्हतं, आजीला तर नाहीच. मास्तरांना सांगितलं होतं.

थंडी पडायला लागल्यावर एकदा मास्तरांनी लिहिलं: 'दोन ओले पंचे, एक दाराशी, एक कोपऱ्यात. आधी कुठला वाळेल?' दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग एका सुरात, "दाराशी!" शांता एकटी उभी राहिली.

"मास्तर, मी एक जास्तीचा केलंय. दुसऱ्यांदा भिजवले नि दार लावन घेतलंय. मगे दोगवय तसेच गच्च. बापाशीक आंगोळीक पंचो नाय गावलो, माका शिव्ये बसले."

मास्तर हसले. हसू त्यांच्या तोंडावर क्वचित यायचं. त्यांनी हातातला खडूचा तुकडा तिला दिला. "घे. एक दिवस तू लिव सवाल."

तो खडू तिनं पोलक्याच्या खिशात ठेवून दिला.

मग छप्पन सालचा तो जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असं ठरल्याची बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या ओस, दुकानं बंद, गल्ल्यांतून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' चा गजर, आणि त्याच्यावर पोलिसांच्या गाड्या. गॅलरीगॅलरीत पाण्याच्या बादल्या भरून ठेवलेल्या, धुराचं नळकांडं पडलं की वरून ओतायला. कर्फ्यू लागला. शाळा बंद. मास्तर शांतेच्याच चाळीत राहायचे; त्यांनी जिन्याजवळच्या भिंतीवर कोळशानं सवाल लिहायला सुरुवात केली. 'धूर वर जातो, मग हा डोळे जाळणारा धूर जमिनीशी का राहतो?' पोरं कठड्याच्या फटीतून खाली बघून उत्तरं द्यायची आणि आया त्यांना कानाला, वेणीला धरून आत ओढायच्या.

पलीकडच्या चाळीतला एक जॉबर, गिरणीतला मुकादम, गोळी लागून गेला. दूध आणायला उतरला होता. त्या दिवसानंतर चाळीचा धीर सुटला.

राधाबाईनं पदर खोचला. "पुरे झाला. पोरांक, बायलांक घेवन गावाक जावया. कर्फ्यू उठलो काय भाऊच्या धक्क्यावर, नि आगबोटीत. पुरुष लढांदेत खय लढाचा ता."

मास्तरांना हे नवं नव्हतं. गोदीत स्फोट झाला त्या साली त्यांनी हे बघितलेलं. त्या वेळी गावाला गेलेली पोरं! मुलगे थोडेफार परत आले. मुली नाही आल्या. कुणाच्या हातात विळा आला, कुणाच्या कडेवर पोर. वर्गातले बाक तसेच, कोरे. आणि या खेपेला आगबोटीतून शांता गेली तर ती उतरणार ती थेट बैलजोडीवाल्याच्या खळ्यात.

ते रघुला म्हणाले, "अरे, परीक्षा तोंडार इली. शांतेक तरी ठेव."

रघु म्हणाला, "मास्तरानू, परीक्षेपेक्षा चेडू मोठा. उद्या गोळी लागली तर तुमी भरून देशात?"

रघुचं खोटं नव्हतं. पण मंडळींतही दोन तट पडले. काही म्हणत, वाटेत धक्क्यापर्यंतच धोका. काही म्हणत, इथं राहिलो तर धोका. शेवटी म्हाताऱ्यांनी जे ठरवायचं तेच ठरवलं: देवाला विचारू. आणि विचारणार कोण? चाळीत घाडी एकच.

मास्तरांची बायको रमाबाई चुलीपुढून म्हणाली, "लावा की. इतक्या पोरांक शास्त्र शिकवतास, एक पाकळी लावूक काय जाता?"

"लावूक काय जाणा नाय, गे," मास्तर म्हणाले. "पडल्यार काय जाता ता तुका ठावक नाय."

पण ते उठले. नाही म्हटलं असतं तर राधाबाई सगळ्यांना घेऊन निघणारच होती. कौलात निदान पाकळी दोन्हीकडे पडू शकत होती.

सकाळी मंडळी चाळीतल्या त्या देवाच्या खोलीत जमली. कालच्या धुराचा वास अजून गल्लीत होता, म्हणून दार गच्च लावलेलं आणि फटीत ओली गोणपाटं कोंबलेली. आत माणसांवर माणसं. वर दोऱ्यांवर टांगलेल्या ट्रंका आणि वळकट्या. देवाचा कोनाडा बाजूच्या भिंतीला, त्यात तो काळा पाषाण. राधाबाईनं आपल्या गॅलरीतल्या डब्यातली तगरीची फुलं आणली होती. सवालही तिनंच सांगितला, रीतीप्रमाणे: पोरांना इथंच ठेवायचं तर उजवा दे.

मास्तर आंघोळ करून ओल्या पंच्यानिशी आले. तगरीच्या दोन पाकळ्या खुडल्या, एकाच तांब्यात बुडवल्या, सारख्याच बोटानं चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. आणि तोंड उघडलं तर बापाचाच आवाज बाहेर आला.

"हे देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां ह्या मुंबय शारात दारां लावन बसली हत!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"पोटासाटी इली, गिरणीत झिजली, आता ह्या पोरांचो जीव कसो सांभाळाचो, ता तुझ्या पायाशी इचारतत!"

"व्हय म्हाराजा!"

"ही पोरां हयच ऱ्हवांदेत असा तुझ्या मनात आसात तर उजवो दी!"

"व्हय म्हाराजा!"

मग थांबणं. पाषाण गार, खोली कोंदट, ओलावा कुठं जायला वाट नाही. पाकळ्या हलायला तयार नाहीत. माणसं घामानं भिजली. एक म्हातारा खोकायला लागला. रघु पुटपुटला, "देव पण कर्फ्यूत गावलो वाटता." त्याला कुणीतरी कोपर मारलं.

तेवढ्यात शांता उठली. माणसांच्या पायांमधून वाट काढत दाराशी गेली, गोणपाट ओढून काढलं आणि दार उघडलं. "आजये, धूर कधीच गेलो. गुदमराक झाला आमका."

सकाळचं ऊन सरळ आत आलं. देव बाजूच्या भिंतीला, त्यामुळे उन्हाची पट्टी पडली ती देवाच्या उजव्या अंगावर. डावं अंग तसंच सावलीत.

मास्तरांनी वळून बघितलं. खोलीतली सगळी माणसं देवाकडे बघत होती. शांता मास्तरांकडे बघत होती.

तिला कळलं होतं. दोन पंचे, दार उघडं, दार बंद.

'दार लाव' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन शब्द. मास्तरांनी तोंड उघडलं सुद्धा. आणि त्याच क्षणी त्यांना देवळातला बाप दिसला. वाटणी मागायला आलेल्या भावांना तो म्हणायचा, "तिनसांजा येवा." विहिरीला जागा विचारायला आलेल्या विधवेला म्हणायचा, "सकाळी ये, बाय." भावांची वाटणी झाली नव्हती. विहीर खोदली गेली होती. बापाला ठाऊक होतं. ज्याच्यासाठी थोबाडीत दिली, ते सगळं बापाला आधीपासून ठाऊक होतं.

"देवा म्हाराजा, न्याय कर," मास्तर म्हणाले.

"व्हय म्हाराजा!"

उजव्या पाकळीची कड आधी सुटली, मुडपली, आणि पाकळी पडली. डावी तशीच चिकटून राहिली. खोलीनं मोठा श्वास सोडला. राधाबाईनं पाषाणापुढं डोकं टेकलं, कपाळावर अंगारा ओढला आणि आगबोटीचं गाठोडं सोडायला गेली.

चाळ राहिली. मास्तरांचा जीव मात्र टांगणीला लागला. गल्लीत कुठं काही वाजलं की ते हातातला घास ठेवून गॅलरीत. हे पोर दिसलं, ते दिसलं, तिसरं कुठं आहे? रमाबाई म्हणाली, "देवान उजवो दिल्यान ना? मगे भूत लागल्यासारे फिरतास कित्याक?" मास्तर काय सांगणार? कौल लावून आला की बापही असाच खळ्यात येरझारा घालायचा. आई म्हणायची, देवाचं वारं अजून अंगात आहे. कसलं वारं! लोकांनी सवाल देवावर टाकलेला असायचा, आणि देवानं तो बापाच्या डोक्यावर ठेवलेला. धोंडूला हे समजायला स्वतःच्या हातानं पाकळी लावावी लागली.

त्यांच्या चाळीतलं एकही पोर दुखावलं नाही. सगळ्याच चाळींना तसं म्हणता आलं नाही.

गिरण्यांचे भोंगे पुन्हा सुरू झाले, शाळा उघडली. मास्तर सकाळी वर्गाकडे निघाले तर आतून कसलाच आवाज नाही. नेहमी दंगा तरी असतो किंवा घोरणं तरी. आत गेले. पोरं ताठ बसलेली. फळ्यावर सवाल आधीच लिहिलेला होता, मोठ्या गोल अक्षरात:

'कौलाची उजवी पाकळी आधी का पडली?'

शांता हातात खडूचा तुकडा घेऊन फळ्याशेजारीच उभी होती. "तुमीच म्हणालास, एक दिवस तू लिव."

मास्तरांचा तळहात हुळहुळला. खरंच हुळहुळला. तिच्या गालाकडे त्यांची नजर गेली, मग दाराकडे, मग फडक्याकडे. एक हात फिरवला की फळा कोरा. निम्म्या पोरांचे आईबाप त्या खोलीत होते. हे घरी गेलं तर उद्या वर्ग राहील का नाही, देव जाणे. शांतेला तर राधाबाई आजच उठवून नेईल.

त्यांनी फडकं उचललं, हात पुसले, आणि ठेवून दिलं.

"नियम ठावक आसा मा?" ते म्हणाले. "बघून येवचा. बघलास तेवढाच बोलायचा."

दुसऱ्या दिवशीपर्यंत चाळीतल्या एकाही माठावर पाकळी लावायची राहिली नव्हती. तगर संपली तशी पोरं झेंडूवर आली, झेंडू संपला तर कांद्याच्या सालीवर. उन्हाकडची, सावलीतली, चुलीजवळची, मोरीजवळची. शास्त्राच्या तासाला उत्तरं सुरू होतात न होतात तोच जिन्यात पावलं वाजली. रघु, मागे राधाबाई, आणि त्यांच्या मागे छत्री घेऊन हेडमास्तर विजयकर, "अहो, तास चालू आहे, अहो" करत.

रघु दारातच उभा राहिला. "मास्तरानू, चेडू सांगता ता खरा? पाकळी उन्हान पडली?"

"खरा."

"तुमका तेव्हाच ठावक होता?"

"होता."

"मगे दार लाव म्हणान सांगलास कित्याक नाय?"

विजयकरांनी डोळे मिटून घेतले.

"सांगूक नाय," मास्तर म्हणाले. "माका पोरां जावक नको होती. चूक आसात तर माझी. चेडवाची नाय."

रघुला राग धरावा की काय करावं कळेना. तो मारायला आलेला माणूस नव्हता, पण विचारायला आलेला होता, आणि इतकं सरळ उत्तर मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं आईकडे बघितलं.

राधाबाईनं पदर सावरला. "गप रे तू. काय इचारतंस मास्तराक? दार मास्तरान उघडल्यान?"

"नाय, शांतान."

"मगे? इतकी माणसां गुदमरत बसलेली. तू होतंस, मी होतंय, कोणाक सुचला दार उघडूचा? ह्येकाच कसा सुचला? देवाक उजवो देवचो होतो, म्हणान देवान ह्येका उठवल्यान. ऊन कोणाचा? तेचाच."

रघुनं जरा विचार केला. "होय. ता पण खरा."

"खराच आसा," राधाबाई म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "पण माझी तगर वरबाडली पोरांनी, ती काय देवान सांगूक नाय. तेचा बघा काय ता." आणि ती रघुला पुढं घालून जिना उतरायला लागली. विजयकर छत्री काखेत मारून, घाम पुसत, भिंतीला टेकले.

शास्त्राचा सवाल देवाच्या गळ्यात आणि देवाचा सवाल शास्त्राच्या, असा तिढा त्या बाईनं उभ्या उभ्या घातला होता, आणि त्यात तिचं काही बिघडलं नव्हतं. मास्तर फळ्याकडे गेले. शांतेची ओळ तशीच ठेवली आणि खाली लिहिलं:

'दार उघडायचं कुणाला सुचतं?'

"ह्यो उद्याचो," ते म्हणाले. "बघून येवा."

शांतेनं हात वर केला नाही. तशीच उठली. "मास्तर, ह्येका बघून येवक नको. जिची सोयरीक मोडूची आसा, तिका सुचता."

अख्खा वर्ग फुटला. बाक बडवले गेले, मागच्या रांगेतला एकजण हसता हसता खाली पडला, विजयकरांनी तोंडावर रुमाल धरला. मास्तर सुद्धा टोपी काढून टेबलावर ठेवत हसले. आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं की जिन्यातली पावलं थांबली आहेत.

खाली मुसळं तेवढी दणदणत होती.

"शांते!" राधाबाईचा आवाज जिन्यातून वर आला.

शांतेचा चेहरा उतरला. "काय गे, आजये?"

जिन्यातूनच उत्तर आलं. "सातवी पास हो आधी! मगे बघतंय तुका!"

आणि पावलं पुन्हा उतरायला लागली.